बापूसाहेबांचे न जुळणारे वजन

बापूसाहेबांकडे गेलेल्या माणसाला आधी काट्यावर उभे राहावे लागते. त्यांच्या ओसरीत पोती तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. आल्यावर एकदा आणि निघताना एकदा असे पाहुण्याचे वजन होते, आणि त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाहुणचार. तो मनासारखा भरला नाही, तर "बाई, आज लई हलका झाला पाहुनचार, बसा," असे म्हणून ते पोह्यांची दुसरी बशी पुढे करतात. एकदा निघताना माझे वजन चक्क कमी भरले. "आमच्या घरात येऊन मानूस घटलं," म्हणून ते इतके खिन्न झाले, की मला दोन लाडू खावे लागले. माझी पर्स आत खुर्चीवर राहिली होती, हे सांगण्याचा मला धीर झाला नाही.

मिरजगावात त्यांचे खते-औषधांचे दुकान होते. ते आता पुतण्या पाहतो. कोणत्याही वादात बापूसाहेबांचा शेवटचा शब्द ठरलेला असतो : "काटा खोटं बोलत न्हाई."

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका. रसायनशास्त्राची शाळेपासूनची धास्ती एकदाची जावी, म्हणून या वयात दूरशिक्षणाने बारावीचा तो विषय घेतला. गृहपाठात प्रश्न आला : मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, स्फटिकांत पाणी किती, ते प्रयोगाने ठरवा. मदत मागणे मला फार जड जाते. परंतु मोरचूद हमखास कोणाकडे मिळेल, हे ठाऊक होते. धीर यावा म्हणून मार्थाताईंना सोबत नेले. त्या माझ्या मैत्रीण, आणि निवृत्त परिचारिका.

प्रश्न ऐकून बापूसाहेबांनी एक निळा खडा उजेडात धरला.

"ह्या कोरड्या खड्यात पानी?"

"वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे अधिक," मी पुस्तकात पाहून सांगितले.

त्यांनी खडा कानाशी नेऊन हलवून पाहिला. "म्हंजी इतकी वर्सं मी डाळिंबवाल्यांना पानी इकलं?"

त्यांनी तत्काळ एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "दामूअण्णा, तुला फवारायला मोरचूद दिलं, त्यात पानी हुतं रं."

"मग उन्हाळ्यात जास्ती द्यायचं हुतं की," पलीकडून उत्तर आले.

पापाचे नेमके माप कळावे, म्हणून प्रयोग त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात करायचे ठरवले. सोनाराकडून छोटा काटा आणला. "खायच्या भांड्यात विष तापवाल तर याद राखा," असे मार्थाताईंनी बजावल्यावर रसायने तापवायची चिनी मातीची मूस आली. कृती सोपी होती : पाणी उडून मोरचूद पांढरे होईपर्यंत तापवायचे, निववायचे, तोलायचे; आणि लागोपाठ दोनदा तेच वजन भरेपर्यंत हे करत राहायचे. तोवर उत्तर ग्राह्य नव्हते, आणि गृहपाठ शनिवारी द्यायचा होता.

वजन काही जुळेना. मूस आत निवायला ठेवून आम्ही ओसरीत चहा घेत असू; बापूसाहेब ती बाहेर आणून तोलत, आणि आकडा दर वेळी नवा. पांढऱ्या भुकटीत कधीकधी निळा ठिपकाही दिसे.

"दमट हवा, बाई. उद्या परत तापवू."

"दमट?" मार्थाताई म्हणाल्या. "इथं धुणं दांडीवर टाकेपर्यंत वाळतंय, बापूसाहेब."

"काटा खोटं बोलत न्हाई, शिस्टर."

गुरुवारी मी रिकामे कप ठेवायला आत गेले. बापूसाहेब ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी तांब्यात बोट बुडवले आणि मुशीत एक थेंब अलगद सोडला. पांढऱ्यावर निळा ठिपका उमटला. शेजारच्या पातेल्यात मटकी भिजत होती. एकट्या माणसाला चार दिवसांत संपणार नाही, इतकी. पत्नी गेल्यापासून त्या घरात ते एकटेच राहतात. आजचे वजन व्हायचे होते, आणि उद्याच्या उसळीची तयारी झाली होती.

मी कप हातात घेऊन तशीच परतले.

"न्हाई जुळलं," थोड्या वेळाने ते काट्याकडेच पाहत म्हणाले. "उद्या यावं लागतंय."

मार्थाताई काही बोलणार, एवढ्यात मी त्यांच्या हातावर हात ठेवला. चारचौघांत आधी बोलण्याची मला सवय नाही.

"बापूसाहेब, हे जुळले की पुढचा प्रश्न मॅग्नेशियम सल्फेटचा आहे. तोही इथेच करावा लागेल."

"त्यात किती पानी?"

"सात रेणू. मोरचुदात पाचच."

"सात," ते विचारात पडले. "मग त्याला लई तापवावं लागंल."

"आणि त्यानंतर जिप्सम."

गृहपाठात यांपैकी एकही प्रश्न नव्हता.

शुक्रवारी उसळ झाली. बापूसाहेबांनी मूस आमच्यासमोर ओसरीतच निववली आणि स्वतःही चहाला बसले. पुन्हा तापवले, पुन्हा तोलले. दोन्ही आकडे तंतोतंत एक आले. मी ते उतरून घेत असताना त्यांनी चाचरत विचारले,

"बाई, ते मॅग्नेशियम किती आनून ठिवू? पंचवीस किलोची गोनी येती."

प्रयोगाला चमचाभर पुरले असते.

"गोणीच आणा," मी म्हणाले.