भोपळ्याला सॉरी

"चहाच्या वेळेआत गुन्हेगार पकडून दाखवतो, बघच तू!" विल्फने टेबलावर मूठ आपटली.

मामला साधा नव्हता. यॉर्कशरमधल्या त्या गावात उद्या भाज्यांचं प्रदर्शन होतं, आणि विल्फने उन्हाळाभर पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या भोपळ्याला कुणीतरी भलीमोठी चीर पाडली होती. चिरलेला भोपळा स्पर्धेतून बाद! म्हणजे चषक पुन्हा शेजारच्या नॉर्मनकडे. विल्फचा नुसता तिळपापड झाला होता.

"पकडणार कसा?" बायको ब्रेंडाने विचारलं.

"सोप्पंय! एकेकाकडे रोखून बघायचं. ज्याचं मन खाईल तो आपणहून सॉरी म्हणेल!"

पहिला नॉर्मन. तो कुंपणाशीच भेटला.

"सॉरी विल्फ, काही म्हणालास?"

सापडला! विल्फ विजयाने मागे वळला, तो थेट पोस्टमनच्या पायावर.

"सॉरी!" पोस्टमन कळवळला.

आता पाय चेंगरला याचा, आणि सॉरी हाच म्हणतो? दोघं सामील दिसतात! पुढे बेकरीवाली म्हणाली, "सॉरी, आजचे पाव संपले." चर्चच्या दारात पाद्रीबाबा म्हणाले, "सॉरी, आधी तुम्ही जा." अरे देवा, पाद्रीसुद्धा! एका भोपळ्यासाठी सगळं गाव उलटलं!

विल्फ घामाघूम होऊन घरी आला.

"सॉरी रे, चहा गार झाला," ब्रेंडा म्हणाली.

विल्फने कप खाली ठेवला. "म्हणजे घरातच?"

"अक्कल गहाण टाकलीस का? चल, दाखव ती चीर!"

दोघं मळ्यात गेली. विल्फने तणतणत हातगाडी मागे खेचली. धप्प! मागे काहीतरी लागलं.

"सॉरी!" विल्फ मागे न बघताच म्हणाला.

"कुणाला रे?" ब्रेंडाने विचारलं.

विल्फ वळला. मागे भोपळा होता, आणि गाडीची मूठ त्या चिरेत अगदी फिट्ट बसली होती. मग त्याला आठवलं. काल संध्याकाळीही घाईत असंच धप्प झालं होतं, आणि असंच सॉरी म्हणून तो जेवायला पळाला होता!

"तुझी युक्ती भारीच हं," ब्रेंडा म्हणाली. "गुन्हेगार खरंच सॉरी म्हणाला. आता नॉर्मनला म्हण जा."

नॉर्मन कुंपणाशी उभाच होता. भोपळ्याला झटकन म्हटलेला शब्द आता भलताच जड झाला. विल्फने जीव गोळा केला, एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं...

"सॉरी, सॉरी!" नॉर्मन लगबगीने बाजूला झाला. "तुझ्या वाटेत आलो का?"