पांगाऱ्याचे वीस पारवे

एका जंगलाला, बालमित्रांनो, हरभऱ्याच्या शेताची किनार होती. जंगलात शेती होत नसते, असे तुमच्या पाठ्यपुस्तकात असेल. पुस्तक मिटून ठेवा आणि नीट बसा.

ते शेत वराहराव नावाच्या रानडुकराचे होते. तरुणपणी वराहरावांनी पंचक्रोशीतील एकूण एक शेत उकरून खाल्ले होते. पुढे दात झिजले, तेव्हा त्यांनी स्वतःचे शेत केले. ज्या दिवशी त्यात पहिला अंकुर दिसला, त्या दिवसापासून त्यांना चोरीची अतोनात चीड येऊ लागली.

पौष महिना होता. हरभऱ्याला घाटे धरले होते. शेताच्या काठी एक बाभूळ होती आणि तिच्यावर रोज सकाळी रानपारव्यांचा थवा येऊन बसत असे. पारवा म्हणजे राखी रंगाचे कबूतरच. मात्र त्याला कोणी पाळलेले नसते, म्हणून तो स्वतःला कुलीन समजतो.

या थव्याची एक रीत होती. कोणीतरी शेतात बसलेले दिसले, तरच दुसऱ्याने उतरायचे. रीत उत्तम होती. पहिला कोठून आणायचा, एवढाच विचार पूर्वजांकडून राहून गेला होता.

त्यामुळे थवा शेतावर घिरट्या घालीत राही. शेवटी भुरीआक्का नावाची एक पारवी ओरडे, "मेल्यांनो, पोटात कावळे कोकलताहेत आणि तुम्ही प्रदक्षिणा कसल्या घालताय?" आणि ती धपकन खाली उतरे. मग तिच्या उतावळेपणाला नावे ठेवीत बाकीचे उतरत आणि तिच्यापेक्षा जास्त खात.

भुरीआक्का ही थव्याच्या पुढाऱ्याची सख्खी बहीण. पुढाऱ्याचे नाव घुमेश्वर. पारव्याच्या घरट्यात अंडी दोनच असतात. पहिल्यातून आक्का निघाली, दुसऱ्यातून दीड दिवसाने घुमेश्वर. आईला लवकरच ससाण्याने नेले. तेव्हा दीड दिवसाने वडील असलेल्या या बहिणीने धाकट्याला दाणे भरवून वाढवले. तो रोज शेतात उतरावा आणि रोज जिवंत वर यावा, यापलीकडे तिला जगाकडून काही नको होते. घुमेश्वराची अपेक्षा किंचित मोठी होती. त्याला आदर्श व्हायचे होते.

इकडे वराहरावांनी मनाजी नावाच्या रानबोक्याला बोलावणे पाठवले. मनाजीजवळ ठासणीची बंदूक होती.

"बघितलंस मनाजी? माझ्या घामाचा हरभरा!" वराहराव कळवळून म्हणाले.

"डुकराला घाम येत नाही, पाटील."

"तो मुद्दा वेगळा. हे पारवे मला नकोत."

"मला हवेत," मनाजी मिशी चाटीत म्हणाला. "आपलं जमेल."

मनाजी दोन दिवस बांधावर बसून वर पाहत राहिला. थवा फार उंचावरून फिरतो, छर्रा तेथपर्यंत पोचत नाही, हे त्याने पाहिले. कोणी बसलेले दिसल्यावाचून तो उतरत नाही, हेही पाहिले. मग तो उठला आणि सुतारपक्ष्याकडे गेला.

"वीस पारवे करून दे. पांगाऱ्याच्या लाकडाचे. हलके हवेत, मला पाठीवरून न्यायचे आहेत."

"मान वर असलेले करू, का खाली वाकलेले?" सुतारपक्ष्याने विचारले.

"वर. सगळं कसं समाधानात चाललंय, असं वाटलं पाहिजे."

"चेहऱ्यावर काय आणू?"

"काही आणू नकोस. कोरा ठेव. बघणारा आपल्याला हवं ते बघतो."

सुतारपक्ष्याने वीस पारवे घडवले, राखेने रंगवले आणि मानेवर हिरवी-जांभळी झाकही आणली. देताना तो म्हणाला, "जपून वापर. एखादा फुटला, तर दुसरा मागायला येऊ नकोस. होळीपर्यंत मला सवड नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मनाजीने ते वीसजण हरभऱ्यात मांडले. सर्वांची तोंडे वाऱ्याकडे, कारण पारवा वाऱ्याला पाठ देऊन बसत नाही. पिसे उलटी होतात. मांडणी घोड्याच्या नालेसारखी, आणि मधोमध अंगणाएवढी मोकळी जागा. ही मोकळी जागा, मुलांनो, फार महत्त्वाची असते. ती पाहिली की प्रत्येकाला वाटते, ही आपल्यासाठीच राखून ठेवली आहे. स्वतः मनाजी बांधावर तुराट्यांच्या आडोशाला बंदूक घेऊन बसला.

थवा आला. घुमेश्वराने खाली पाहिले.

"अहाहा! आज कोणीतरी आधीच उतरले आहे! आणि रांग पाहा! आक्का, बघून शीक काहीतरी."

"कोण रे हे? ओळख ना देख," आक्का म्हणाली.

"पाहुणे असतील."

"एव्हाना वीस पारव्यांनी एकमेकांची पिसं उपटली असती. पाहुणे म्हणे!"

परंतु थवा उतरला होता. पहिला घाटा फुटतो न फुटतो तोच बार झाला. तीन पारवे जागच्या जागी आडवे झाले. बाकीचे फडफडत बाभळीवर परतले.

तेथून त्यांनी खाली पाहिले आणि ते थक्क झाले. वीस पाहुण्यांपैकी एकही उडाला नव्हता. कोणी मानसुद्धा वळवली नव्हती.

"याला म्हणतात धैर्य!" घुमेश्वर म्हणाला. "आपण पळालो. ते उभे राहिले. आणि त्यांतला एकही मेला नाही. जे पळतात ते मरतात."

"अरे बाबा, जे तिघे मेले ते कुठे पळाले होते?" आक्का म्हणाली. "ते तर खात होते."

घुमेश्वराने क्षणभर विचार केला. "म्हणजे खाणे हाही दोषच आहे."

दुपारी मनाजी ते तीन पारवे घेऊन जेवावयास गेला, तेव्हा आक्का खाली उतरली. एका पाहुण्याला तिने नमस्कार केला. उत्तर आले नाही. मग तिने त्याच्या टाळूवर चोच मारली. टक् असा आवाज झाला. ती तशीच बाभळीवर आली.

"अरे, लाकूड आहे ते! वीसच्या वीस पांगाऱ्याचे आहेत! मी चोच मारून आले."

सभेतला एक वृद्ध पारवा खाकरून म्हणाला, "आक्का, थोरांना चोच मारायची, हे कोणत्या घरट्यातले संस्कार?"

"कसले थोर, आजोबा? त्याला पोटच नाही!"

"त्याने पोट जिंकले आहे," घुमेश्वर म्हणाला.

"त्याचे डोळे मिटत नाहीत!"

"अखंड जागरूकता."

"ढकलला तर पडतो आणि पडूनच राहतो!"

"विनय," असे म्हणून घुमेश्वराने डोळे पुसले. "निश्चयाने देहाचे लाकूड करणारे असे किती असतात? आक्का, तू आम्हाला त्यांची निंदा सांगायला आलीस आणि चरित्र सांगून गेलीस."

त्या संध्याकाळपासून सराव सुरू झाला. वाऱ्याकडे तोंड करणे, मान वर धरणे, पापणी न हलवणे. खाणे वर्ज्य. एका तरुण पारवीला ऐन सरावात शिंक आली. तिला थव्यातून काढून टाकण्यात आले आणि त्यामुळे ती आज नातवंडांसह सुखात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सबंध थवा शेतात उतरला आणि वीस पाहुण्यांच्या शेजारी रांगेत उभा राहिला. मनाजीने बंदूक उचलली आणि तो चक्रावला. काल वीस पारवे होते, आज ऐंशी होते, आणि त्यांतले आपले कोणते, हे त्याला कळेना. बार टाकावा, तर सुताराची लाकडे फुटतील. त्याने बंदूक खाली ठेवली.

"पाहिलेत?" घुमेश्वर चोच न उघडता पुटपुटला. "बंदूक थांबली."

चार दिवस बंदूक थांबलेलीच राहिली. चार दिवस पारवे उभे राहिले. अंधार पडला की ते बाभळीवर येत आणि उजाडले की पुन्हा रांगेत जात. वराहराव रोज बांधावर येऊन कौतुकाने पाहत.

"मनाजी, एक घाटा तुटलेला नाही रे! असे गुणी पारवे असतील, तर मी यांना शेजार देईन."

"आणि मी काय खाऊ, पाटील?"

"संयम, मनाजी, संयम! या पक्ष्यांकडून काही शीक."

चौथ्या दिवशी आक्का भावाजवळ जाऊन बसली. संपूर्ण शेतात ती एकटीच खात होती. लाकडे फुटण्याच्या भीतीने मनाजी तिच्यावरही बार टाकू शकत नव्हता.

"घुमा, एक दाणा खा रे. छातीचं हाड वर आलंय तुझ्या."

"आक्का, जा. रांग बिघडते आहे."

"बिघडू दे. मी तुला ओला दाणा चावून भरवते, लहानपणी भरवत होते तसा. आ कर."

"चार दिवसांत एक बार झालेला नाही. कोणामुळे?"

"बोक्याने बंदूक ठेवली असेल. भूक कुठे ठेवली त्याने?"

"आक्का, सगळे बघताहेत."

"कोण बघतंय तुझ्याकडे? सगळे मेले नाकासमोर बघताहेत!"

इतक्यात तुराट्या वाजल्या. मनाजी बाहेर आला. बंदूक त्याने आत ठेवली होती. त्याच्या हातात पोते होते.

"उडा!" आक्का किंचाळली. "अरे, उडा!"

मुलांनो, उडावे असे प्रत्येकाच्या मनात आले. परंतु त्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येकाने डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी उडतो का, ते पाहिले. शेजारी आपल्या शेजाऱ्याकडे पाहत होता. आणि रांगेच्या टोकाचा पारवा पांगाऱ्याकडे पाहत होता.

बाजारात वांगी निवडावीत तसा मनाजी निवडू लागला. एक उचलावा, गार लागला तर खाली ठेवावा, ऊन लागला तर पोत्यात टाकावा. पोत्यात पडतानाही कोणी पंख हलवला नाही. घाई करण्याचे काहीच कारण नसल्याने मनाजी मध्येच बसून थोडा वेळ अंग चाटीत राहिला.

आक्काने भावाच्या डोक्यावर चोची मारल्या. त्याच्या पंखाचे एक पीस उपटले. ते तिच्या चोचीत आले. तो जागचा हलला नाही. मनाजीचा पंजा अगदी जवळ आला, तेव्हा ती बाभळीवर जाऊन पडली.

मनाजीने घुमेश्वराला उचलले. अंग ऊन होते. छाती आत धडधडत होती. मनाजीने त्याच्या डोळ्यात फुंकर मारली. पापणी लवली नाही. मिशीचा केस त्याच्या नाकपुडीत घातला. काही नाही. उलटा धरला, उलटाच राहिला.

मनाजी वृत्तीने कलावंत होता. तो गहिवरला.

"जिवंत आहे खरा," तो म्हणाला, "पण याच्यापुढे पांगारा चंचल म्हणावा लागेल."

त्याने पोत्याचे तोंड बांधले आणि घुमेश्वराला काखेत घेतले.

आक्का सात दिवस भावाला शोधीत हिंडली. आठव्या दिवशी नदीपलीकडे, एका सांबराच्या वाटाण्याच्या शेतात, तिला नालेच्या आकाराची ती मांडणी दिसली. वीस लाकडे मागे होती. त्यांच्यापुढे, ढेकळांच्या जरा उंच ढिगावर, घुमेश्वर उभा होता. अंग भरले होते. मानेवरची झाक तुकतुकीत दिसत होती. मनाजी त्याला दोन्ही वेळा सोललेला वाटाणा स्वतःच्या पंजाने भरवीत असे.

"घुमा! अरे, जिवंत आहेस तू!" आक्का त्याच्याजवळ उतरली. "पायाला दोरी बांधलीय का रे?"

"छे. दोरी कशाला?"

"मग ऊड! चल!"

"असे कसे उडता येईल, आक्का? मला प्रमुख केले आहे."

"आपला थवा कुठे गेला, ठाऊक आहे का तुला?"

"माझ्या मागे उभा आहे," घुमेश्वर शांतपणे म्हणाला. मागे वळून पाहणे शिस्तीत बसत नसल्यामुळे त्याला ते खरेच वाटत होते.

एवढ्यात उत्तरेकडून परक्या पारव्यांचा मोठा थवा आला आणि शेतावर घिरट्या घालू लागला. आक्का उंच उडाली आणि त्यांच्या वाटेत आडवी गेली.

"उतरू नका! पाया पडते तुमच्या. ते लाकूड आहे! खाली बोका बसलाय!"

"ही कोण बाई?" थव्यातील एकाने विचारले.

"असेल कोणी. रांगेत जागा मिळाली नसेल, म्हणून जळते आहे," दुसरा म्हणाला. तरीही आक्काच्या आवाजात काहीतरी होते. थवा थबकला. पुढचे काही पारवे माघारी वळूही लागले.

खाली घुमेश्वराने हे पाहिले. पांगाऱ्याच्या वीसही पारव्यांना जे कधीच करता आले नसते, ते त्याने केले. त्याने गळा फुगवला आणि अतिशय गोड, भारदस्त, आश्वासक आवाजात तो घुमला.

"घुटर्र घूं. घुटर्र घूं."

थव्याने पंख आवळले आणि तो मोकळ्या जागेत उतरला.

तात्पर्य : मुलांनो, थोरांचे अनुकरण अर्धवट करू नये. जो अर्धवट करतो तो पोत्यात जातो. जो पूर्ण करतो त्याला दोन्ही वेळा सोललेला वाटाणा मिळतो. आणि जो मुळीच करीत नाही, त्याला ओरडण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य असते.