हवेचे सोवळे

इकडे हिंदी मुलखात, थाटीपुरातले राहते घर विकून पुण्याला मुलीजवळ जायचे, असा ठराव मी आणि पत्नी पद्मा यांनी एकमताने मंजूर केला. श्रुतीचे दिवस भरत आले होते आणि पद्माला बाळंतपणाआधी तिथे पोहोचायचे होते. घाई होती, म्हणून दलाल दिग्विजयसिंह यांस पाचारण केले.

खोल्या पाहण्याआधी ते नाक वर करून उभे राहिले. "लक्ष्मीकांतजी, आजकल पार्टी रजिस्ट्री बाद में देखती है, पहले हवा पूछती है."

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. वर्षानुवर्षे वाऱ्यावर सोडलेली हवा मी ताबडतोब ताब्यात घेतली. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा कूलर भंगारात गेला. छतातून नळ्या फिरवून सगळ्या घराला एकच एसी बसवला, खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि दिवाणखान्यात हवेचा आकडा दाखवणारे यंत्र विराजमान झाले. आकडा हिरवा उजळला तेव्हा मला अगदी भरून आले.

संध्याकाळी पद्माने वरणाला फोडणी दिली आणि आकडा तांबडा झाला. त्याच क्षणी फोडणी बंद, उदबत्ती बंद, केर काढायचा तर यंत्राचा रंग पाहून. आजोबांनी भाऊबंदांशी भांडून घरातून घालवलेले सोवळे मी हवेच्या नावाने परत आणले. बाहेरून आलेल्याने कपडे बदलल्याशिवाय दिवाणखान्यात यायचे नाही, यंत्राला शिवायचे तर मुळीच नाही.

"नंबर बिघडतो म्हणून जेवण बनवायचं नाही? हद्द झाली तुमची!" पद्मा म्हणाली, आणि कढई उचलून शेजारच्या इंदुताईंकडे स्वयंपाकाला जाऊ लागली. मी तिला फक्त दार पटकन लावून घ्यायला सांगितले.

एके दुपारी दिग्विजयसिंहांबरोबर उत्कर्ष आणि गरिमा हे तरुण जोडपे घर पाहायला आले. मी दोघांना धुतलेल्या चादरी पांघरायला दिल्या. आकडा उत्तम होता; पण आम्ही चौघे आत श्वास घेऊ लागलो तसा तो चढायला लागला.

"ज़रा कम साँस लीजिए," मी नम्रपणे विनंती केली. दिग्विजयसिंहांनी श्वास रोखूनच धरला, कमिशनचा प्रश्न होता. गरिमा घाबरून चादरीसकट अंगणात पळाली. तिथे इंदुताईंच्या खिडकीतून हिंग-जिऱ्याचा वास येत होता.

"उत्कर्ष, ये वाला घर देखो ना!"

इंदुताईंनी घर विकायचा विचार कधी केलाच नव्हता. तो त्यांनी पाहुण्यांना वरणभात वाढता वाढता केला. व्यवहार होताच त्या पुण्याला मुलाकडे निघाल्या आणि पद्माही त्यांच्याबरोबर गेली. आम्हांला नात झाली. मी फोटोत पाहिली, आणि रडू आले.

"तुम्ही कधी येता हो?" पद्माने फोनवर विचारले.

"घर विकलं की लगेच," मी म्हणालो. ती गेल्यापासून आकडा आणखी सुधारला आहे, हे मात्र तिला सांगवले नाही.

तेव्हा आपणांस घर हवे असल्यास जरूर या. फक्त त्यात राहण्याचा विचार असेल तर आधी कळवा. त्याने हवा बिघडते.