प्रशासक म्हणून चालवा

वडगाव निंबाळकरच्या शिवारातील श्री बिरोबा सहकारी दूध उत्पादक संस्थेच्या संगणकात एक सामाईक घटक नसल्याचे मंगळवारी सकाळी, दूध संकलनाच्या ऐन वेळी, उघडकीस आले. तो कधीपासून नव्हता, हे कोणालाच सांगता येईना. तोपर्यंत संस्था तर बरी चालली होती.

झाले होते असे की, ही संस्था ज्या संघाला दूध घालायची त्या संघाने ‘क्षीरसेतू’ नावाचा नवा प्रोग्राम पाठवला होता. एक तारखेपासून ज्या दुधाची नोंद क्षीरसेतूत नसेल ते दूध दूध समजले जाणार नाही, असे सोबतच्या परिपत्रकात म्हटले होते. शिवाय मायमराठीच्या प्रसारासाठी प्रोग्रामचे सगळे संदेश शुद्ध मराठीत करून दिले होते. पुढचा घोटाळा झाला तो यामुळेच. इंग्रजीत असते तर कोणी वाचलेच नसते.

संगणक जुना होता. चेअरमन बापूसाहेबांचे वडील चेअरमन असताना तो घेतलेला. घेतल्यापासून तो कधी बंद केल्याचे कोणाला आठवत नव्हते, कारण बंद केला तर परत सुरू होईल अशी लेखी हमी द्यायला कोणी तयार नव्हते. त्याच्यासमोर ऑपरेटर रेश्मा बसायची आणि रेश्माच्या मागे सचिव जोतीरामतात्या देवकाते उभे राहायचे. तात्या सरळ माणूस. समोर आलेले सगळे वाचायचे आणि वाचलेले सगळे खरे मानायचे, ही त्यांची दोन व्यसने.

रेश्माने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर पाटी आली: ‘आवश्यक सामाईक घटक आढळला नाही. अद्ययावत करायचा का? होय / नाही.’

रेश्मा ‘होय’ दाबणार, तोच तात्यांनी तिचा हात धरला.

“थांब पोरी. सामाईक म्हणलंय त्यानं.”

“तात्या, एक फाईल असते. सगळे प्रोग्राम तीच वापरतात. प्रत्येकानं आपली वेगळी ठेवायला नको म्हणून एका जागी ठेवलेली.”

“म्हंजी भावकीच्या विहिरीवानी?”

“व्हय, तसंच समजा.”

हे तिने म्हणायला नको होते. तात्यांच्या भावकीत एक सामाईक विहीर होती. तिच्यातला गाळ काढताना एका चुलतभावाची सही घ्यायची राहिली, प्रकरण कोर्टात गेले, आणि गाळ अजून तिथेच होता. सामाईक वस्तूला सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, एवढा कायदा तात्या त्या विहिरीच्या काठावर शिकले होते.

त्यांनी सहहिस्सेदारांचा शोध घेतला. त्या घटकाची जुनी आवृत्ती हिशेबाचा प्रोग्राम वापरत होता, गाई-म्हशी भरवल्याच्या नोंदींचा प्रोग्राम वापरत होता, आणि बापूसाहेब दुपारी जो पत्त्यांचा डाव लावायचे तोही वापरत होता. तिघांनाही नोटिसा गेल्या. हिशेबनिसाने ‘संमती आहे, मात्र जुन्या आकड्यांत काही नवे आढळल्यास मी जबाबदार नाही’ असे लिहून दिले. जनावरांच्या डॉक्टरांनी ‘गाभण जनावरे गाभणच राहतील या अटीवर’ सही केली. बापूसाहेब म्हणाले, “डाव अर्धा लागलाय. तेवढा व्हऊ द्या.”

डाव काही लागेना. तिकडे संघाचा टँकर रोज यायचा, ड्रायव्हर काच खाली करून क्षीरसेतूची पावती मागायचा आणि रिकामाच परत जायचा. संस्थेचा कूलर काठोकाठ भरला. मग दूध घेणे थांबले.

प्रयागबाई खिडकीशी किटली आपटून उभ्या राहिल्या. “जोतीराम, काय करू ह्या दुधाचं?”

“जरा कळ काढा वयनी. सामाईक सह्या चालल्यात.”

“मी काढंन कळ. म्हशीला काय सांगू? सह्या व्हईस्तवर आटून बस म्हनून?”

लायनीतले लोक हसले. तात्यांना मात्र हसू आले नाही. त्यांच्या गोठ्यातही दोन म्हशी होत्या आणि त्यांची कारभारीण कालपासून खवा आटवत बसली होती. घरात इतका खवा झाला होता की जावयाने फोन उचलणे बंद केले होते.

अखेर बापूसाहेबांचा डाव लागला. रेश्माने ‘होय’ दाबले. यंत्र घुरघुरले आणि नवी पाटी आली: ‘आपल्या प्रणालीचा पाठिंबा काढून घेण्यात आला आहे.’

खुर्चीत रेललेले बापूसाहेब ताडकन उठले. “कुनी काढला?”

“कंपनीनं, बापू,” रेश्मा म्हणाली. “सिस्टिम जुनी झाली की काढतात.”

“मला शिकवू नगंस. पाठिंबा काय आपोआप निघतोय? आतलं कुनीतरी फुटलंय!”

सहकारात वाढलेल्या माणसाला या वाक्याचा दुसरा अर्थ सांगणे अवघड असते. बापूसाहेबांनी संचालकांची तोंडे एकेक करून आठवली. बिरदेव परवा चहाला नको म्हणाला होता. भिमा हल्ली समोरून न येता बाजूने यायचा. तासाभरात दोन गाड्या आल्या, सगळे संचालक त्यांत बसवले गेले, त्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा झाले, आणि मंडळ अज्ञात स्थळी रवाना झाले. अज्ञात स्थळ मासळीसाठी नावाजलेल्या भिगवणला असावे, कारण बिरदेवने जाताना बायकोला “चार दिस घरी मासळी करू नगं” असे सांगितल्याचे सगळ्या वस्तीला माहीत होते.

इकडे रेश्माने संघाच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या सिस्टिमवरही चालेल. आधी मागचे अपडेट टाका, म्हणजे त्याच्या पुढचे बसेल, आणि ते बसले की हा घटक बसेल. मागचे अपडेट तिने शोधून उतरवले, पण ते बसवायला गेली तर पडदा काळवंडला आणि मधोमध अक्षरे उमटली: ‘या कृतीसाठी प्रशासकाचे अधिकार आवश्यक आहेत. आपण प्रशासक आहात का? होय / नाही.’

तात्यांनी रेश्माचा हात पुन्हा धरला. प्रशासक हा शब्द दूध संस्थेत कोणी मोठ्याने उच्चारत नाही. जिथे प्रशासक येतो तिथे संचालक मंडळ जाते.

“व्हय म्हणा तात्या,” रेश्मा काकुळतीला आली. “सगळे व्हयच म्हणतात.”

“मी सचिव हाय. प्रशासक हाय असं कसं म्हनू? खोटं बोलून सरकारी यंत्रात शिरू?”

“सरकारी नाही हो, आपलंच आहे!”

पण बाहेर किटल्या वाजत होत्या, आणि खोटे न बोलता किटल्यांना उत्तर द्यायचे तर तात्यांना एकच मार्ग दिसला. चेअरमनांचा फोन पिशवीत होता. तेव्हा त्यांनी सहकार खात्याच्या वरच्या कार्यालयाला पत्र पाठवले: ‘संस्थेचे कामकाज ठप्प असून संगणक प्रशासकाची मागणी करीत आहे. चेअरमन व संचालक कोठे आहेत हे सांगता येत नाही. दूध संकलन बंद आहे. तरी योग्य मार्गदर्शन व्हावे.’

पत्रातला शब्दन् शब्द खरा होता, आणि कार्यालयात त्याचा शब्दन् शब्द वाचला गेला, फक्त ‘संगणक’ सोडून. ज्या कार्यालयातून छत्रीची मंजुरी पावसाळा सरल्यावर यायची, तिथून दुसऱ्याच दिवशी आदेश आला. अमुक कलमाच्या तमुक पोटकलमान्वये संचालक मंडळ बरखास्त, आणि प्रशासक म्हणून श्री. राजवर्धन शितोळे यांची नेमणूक.

शितोळेसाहेबांकडे शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी संस्थांचा कारभार आधीच होता. ते आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

“काय करायचं आहे?”

“तिथं ‘होय’ दाबायचं साहेब,” तात्या म्हणाले. “तुमचाच अधिकार हाय.”

साहेबांनी ‘होय’ दाबले. यंत्राने पासवर्ड मागितला. साहेबांनी आदेशाची प्रत पडद्यासमोर धरून पाहिली. उपयोग झाला नाही. मग रेश्माने हळूच बोट पुढे करून मोकळाच एंटर दाबला, आणि दार उघडले. पासवर्ड नव्हताच. पण तोवर मंडळ गेले होते.

मागचे अपडेट बसले, पुढचे बसले, सामाईक घटक बसला. शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, असा हुकूम आला. नारळ फोडला गेला. साहेबांनी डोळे मिटून बटण दाबले. पडदा विझला, आणि तो परत उजळेपर्यंत खिडकीबाहेरच्या बायकांनीसुद्धा किटल्या खाली ठेवल्या नाहीत.

क्षीरसेतू उघडला. आधी पानभर फोटो आला: संघाचे नवे अध्यक्ष हात जोडून उभे, खाली ‘हार्दिक स्वागत’. फोटो गेल्यावर आत बघितले, तर सगळा जुनाच प्रोग्राम होता.

“ह्याच्यात नवं काय हाय?” तात्यांनी विचारले.

“फोटो,” रेश्मा म्हणाली.

टँकर भरून गेला. दोन दिवसांनी बापूसाहेब, अजून एकही संचालक फुटलेला नाही या आनंदात परतले, तेव्हा त्यांच्या खुर्चीत शितोळेसाहेब होते. बापूसाहेबांनी आधी तात्यांना गाठले.

“जोतीराम, माझ्या बापानं उभी केलेली संस्था, आन् तू प्रशासक मागितलास?”

“मी न्हाय बापू. संगणकानं मागितला.”

बापूसाहेब लाल होऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. दार बंद झाले. बराच वेळ आत चहा जात राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची तात्यांना त्यांच्या रागापेक्षा जास्त भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात विशेष सभा लागली. मांडवाखाली सगळे सभासद, कारण सभेनंतर मटण होते. शितोळेसाहेब ठराव वाचू लागले. त्यांचे वाचन असे होते की शब्द कानापर्यंत यायचे, पण आत शिरायचे नाहीत. एक संपला, “मंजूर!” दुसरा संपला, “मंजूर!” तिसऱ्यात ‘संकलन, इमारत व कूलर सक्षम घटकाकडे कायमस्वरूपी सोपविणेबाबत’ असे काहीसे आले, आणि तात्या उठले.

“साहेब, तिसरा पुन्यांदा वाचा. सक्षम घटक म्हंजी कोन?”

मांडवात नाराजीची लाट गेली. “बसा तात्या खाली! मागं ह्यांच्या वाचनानं आठवडाभर दूध नासलं, आता रस्सा गार करत्यात!”

“आरं, पर निदान ऐकून तरी...”

“मंजूर हाय म्हन की रं जोतीराम!” बायकांच्या बाजूने प्रयागबाई ओरडल्या. “धारंची येळ झाली!”

“मंजूर! मंजूर!” मांडव दणाणला. तात्या उभे होते. आजूबाजूला त्यांचीच माणसे होती, त्यांच्याच भावकीतली, आणि एकही मान त्यांच्याकडे वळली नाही. ते खाली बसले. रस्सा झणझणीत झाला होता म्हणतात. तात्या जेवले नाहीत.

दोन दिवसांनी संस्थेवरची जुनी पाटी उतरली आणि ‘सक्षम मिल्क, प्रोप्रायटर’ म्हणून बापूसाहेबांच्या मेहुण्याचे नाव झळकले. त्या सकाळी प्रयागबाईंच्या दुधाला कधी लागली नव्हती इतकी कमी फॅट लागली, आणि भावही त्याच हिशेबाने. त्यांनी विचारले, तर आतून उत्तर आले की पटत नसेल तर दूध घरी न्यावे.

तात्या रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे होते. प्रयागबाई तिथे आल्या.

“जोतीराम, ह्ये कवा झालं? आमाला इचारलं का कुनी?”

“इचारलं की वयनी. तुमी मंजूर म्हनालात.”

“आता गं बया! सगळी म्हनली म्हनून म्हनले. त्येच्यात काय लिवलंय ते कुनी वाचलंय का?”

आसपासच्या वस्त्यांवर हा किस्सा अजून चवीने सांगतात. तात्या ‘होय’ दाबायला कसे घाबरले, संगणकाच्या नादात त्यांनी खराखुरा प्रशासक कसा आणला, हे सांगताना माणसे पोट धरून हसतात. आपणही मघाशी हसलातच. हरकत नाही. फक्त परवा आपण मोबाईलवर, बोटाने झरझर खाली सरकवत जाऊन, ज्याला ‘मला मान्य आहे’ म्हणालात, त्यात तिसरा मुद्दा काय होता, तेवढे एकदा सांगा.