नेत्रावतीच्या संगणकासाठी बैठक

ज्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम एकाच माणसाला भोगायचे असतात, तो निर्णय त्या एकट्या माणसावर सोडणं समाजाच्या दृष्टीने धोक्याचं असतं. आमच्या आळंदमध्ये हे तत्त्व कसोशीने पाळलं जातं. बैल घ्यायचा असो, बोअर पाडायची असो की पोराला कोणत्या कॉलेजात घालायचं हे ठरवायचं असो, आधी चार माणसं बसतात. तिघं घरची असतात, चौथा बाहेरचा लागतो. निर्णय अंगाशी आला की घरचे एकमेकांना दोष देऊ शकत नाहीत (द्यायला लागले तर घर मोडतं), म्हणून दोष ठेवायला एक त्रयस्थ माणूस हाताशी असावा, अशी ही शहाणपणाची व्यवस्था आहे. आमच्या गल्लीतला तो कायमचा चौथा मी आहे.

गेल्या महिन्यात तुरीचे अडते माणिकप्पा यांच्या घरी बैठक बसली. त्यांची मुलगी नेत्रावती कलबुर्गीला डिप्लोमा पूर्ण करून घरी आली होती आणि पास झाल्याबद्दल तिला गेम खेळायचा संगणक घेऊन दिलेला होता. तिथल्या हॉस्टेलवर असताना मैत्रिणीच्या संगणकावर ती खेळायची, आणि इतकं चांगलं खेळायची की पाच मुलींच्या संघात तिला जागा मिळाली होती. राज्यस्तरीय स्पर्धेची निवड फेरी रविवारी होती. आपापल्या घरून, इंटरनेटवर खेळायचं. नेत्रावती रविवारी हजर नसली तर तिची जागा राखीव मुलीला जाणार, हे संघाने तिला स्वच्छ सांगितलं होतं. तीन वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

संगणक तर आला. आता त्यात कार्यप्रणाली कोणती घालायची, हा प्रश्न होता. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. यंत्र कितीही भारी असलं तरी कारभारी हो म्हणाल्याशिवाय आत काही हलत नाही. आमच्याकडे तिला सगळे शिष्टीम म्हणतात. शिष्टीमा मुख्यतः दोन निघाल्या, विंडोज आणि लिनक्स.

दोन शिष्टीमा निघाल्या म्हणजे घरात दोन पक्ष निघणं ओघानेच आलं. माणिकप्पांचे धाकटे भाऊ बसवेश हे हायस्कुलात मास्तर आहेत. ते विंडोजच्या बाजूने होते, कारण शाळेतल्या संगणकावर तीच आहे आणि ती शिकवताना त्यांना कधीही अडचण आलेली नाही. (शाळेतला संगणक कुलुपात असतो.) माणिकप्पांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा वीरेश लिनक्सच्या बाजूने होता. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेल्या दिवाळीपासून लिनक्स वापरतो. तेव्हापासून तो घरी कुणाशी दुसऱ्या विषयावर बोललेला नाही.

निर्णय भक्कम पायावर व्हावा म्हणून मी स्वतः गल्लीत पाहणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणांनी विंडोज बरी असं सांगितलं. त्यातल्या सत्तर जणांकडे संगणक नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरण्यात आलं. पाच जणांनी लिनक्स घ्या म्हटलं. ते पाचही वीरेशचे वर्गमित्र होते. उरलेल्या तिघांनी, मुलगी आता किती शिकणार आहे, असं उलट मलाच विचारलं.

बैठक दुपारच्या जेवणानंतर बसली. बसवेशमास्तर पाऊण तास बोलले. वीरेश तासभर बोलला, आणि शेवटी त्याने सांगितलं की लिनक्स फुकट मिळते. इथे त्याने घात करून घेतला. माणिकप्पांचा जन्म अडतीत गेलेला. मूठभर तूर तळहातावर घेऊन शेत कुणाचं ते सांगणारा माणूस.

"ज्या मालाला भाव न्हाई, त्यात किडं असतंय," ते म्हणाले.

विंडोजची सरशी झाली असं आम्ही समजून चाललो होतो. पण वीरेश हा शेवटी आईच्या बाजूने त्याच घरातला. त्याने शांतपणे विचारलं, "मामा, मठातल्या दासोहाला भाव हाय का?"

आमच्याकडच्या बसवभक्तांच्या घरात हा प्रश्न विचारला की बोलणं खुंटतं. मठात जो येईल त्याला जात न विचारता जेवू घालतात, तो दासोह. ज्याला जमेल त्याने धान्य द्यायचं, ज्याला जमेल त्याने रांधायचं, आणि जेवायला सगळ्यांनी बसायचं. लिनक्स अशीच हजारो लोकांनी आपापल्या परीने हात लावून बनवलेली आहे, असं वीरेशने समजावून सांगितलं. माणिकप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या करडकीला, त्या चांदीच्या डबीला, हात लावला. आता लिनक्सला किडका माल म्हणणं म्हणजे दासोहाला नावं ठेवणं झालं असतं.

"दासोहाला आमीबी जातोच की," बसवेशमास्तर म्हणाले. "म्हनून कुनी घरची चूल मोडलंय का?"

हेही बरोबर होतं. मी आजवर पुष्कळ बैठकांना बसलो आहे, पण दोन्ही बाजू इतक्या बरोबर असलेली बैठक पाहिली नव्हती. मध्यंतरी नेत्रावती दोनदा काहीतरी बोलायला पुढे झाली. पहिल्यांदा तिला चहा ठेवायला सांगण्यात आलं, दुसऱ्यांदा कप उचलायला. तिने दोन्ही वेळा मर्यादा सांभाळली, याची नोंद घेतली पाहिजे.

अखेर माणिकप्पांनी दोन भावांत वाद झाल्यावर करतात तेच केलं. त्यांनी वाटणी सुचवली. संगणकात एक पाचशे जीबीची चकती असते, सगळा माल तिच्यातच साठवतात. तिचे तुकडे पाडून एकात विंडोज आणि एकात लिनक्स नांदवता येते, हे वीरेशने सांगितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जमीन वाटायचा अनुभव आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. थोरल्याने वाटे घालायचे, धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे कुणी कुणाला फसवत नाही.

इतक्यात आतून माणिकप्पांची थोरली बहीण, वीरेशची आई गुरुबाई बाहेर आली.

"विंडोज काय न् लिनक्स काय, मला त्यातलं कळत न्हाई," ती म्हणाली. "पर भावाच्या घरात वाटे पडायलेत, आन् मला कामून इसरायलास?"

चोळीबांगडीचा म्हणून एक तुकडा बहिणीला देण्याची रीत आहेच, आणि आता तर कायदाही तिच्या बाजूने आहे. तिला वाटा मिळाला. मग कर्त्या माणसाच्या निर्वाहासाठी एक वाटा मागे ठेवतात, तो माणिकप्पांना मिळाला (प्रवचनांचे व्हिडिओ ठेवायला). एक वाटा पडीक ठेवला. पुढेमागे भांडण झालं तर भांडायला सामाईक जागा असावी लागते.

असे पाच समान वाटे पडले. आळंदच्या बाजारात संगणकाचं दुकान चालवणारे रत्नपाल यांना बोलावून घेतलं. त्यांनी काय-काय चालवायचं आहे असं विचारलं, तेव्हा माणिकप्पांनी घरचंच आहे, असं समर्पक उत्तर दिलं. रत्नपाल यांनी वाटे पाडले. दोन वाट्यांच्या मध्ये मोकळी जागा कशाला, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर त्यांना सांगण्यात आलं की बांध नाही तिथे भांडण आहे. गिऱ्हाईक म्हणेल ते करणारा तो माणूस. त्यांनी बांधही घातले.

शनिवारी यंत्र सुरू केलं. पडद्यावर प्रश्न आला, विंडोज की लिनक्स? सगळ्यांचे चेहरे फुलले. बसवेशमास्तरांनी विंडोज उघडून दाखवली, वीरेशने लिनक्स. गुरुबाईने खजुरी गावातल्या लग्नाचे सगळे व्हिडिओ त्याच दुपारी आपल्या वाट्यात भरून घेतले, कारण ताबा महत्त्वाचा असतो. माझ्या माहितीप्रमाणे आळंद तालुक्यात एकाही माणसाला न दुखावता घेतलेला हा पहिलाच निर्णय होता.

रविवारी सकाळी नेत्रावतीने मैत्रिणीकडून आणलेला गेम विंडोजमध्ये टाकायला घेतला. जागा अपुरी आहे, असं यंत्राने कळवलं. गेमला दीडशे जीबी लागत होते आणि एकेका वाट्याला आले होते शंभराच्याही आत. लिनक्समध्ये तो गेम सुरूच होत नाही. लबाडी पकडायची त्याची जी यंत्रणा आहे, ती तिथे चालत नाही, असं वीरेश हळू आवाजात म्हणाला. नेत्रावतीने वडिलांना विचारलं की मधले दोन बांध काढून, आत्याचा वाटा पलीकडे सरकवून पडीक वाटा विंडोजला जोडू का, थोड्या वेळाचं काम आहे.

"चौघांनी ठरवलेलं एकटीनं मोडू न्हाई, बाळ," माणिकप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, माया होती. बसवेशमास्तर त्या दिवशी गावात नव्हते, आणि बहिणीचा वाटा तिच्या संमतीशिवाय हलवणं तर पाप. गुरुबाई देवळात गेलेली होती.

फेरी सुरू झाली. नेत्रावती खुर्चीवरून उठली आणि खाली बसून मोबाइलवर आपल्या संघाचा खेळ पाहू लागली. तिच्या जागी राखीव मुलगी खेळत होती, आणि बरी खेळत होती. मी शेजारीच बसलो होतो. मला फार वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

खेळ संपल्यावर तिने मोबाइल पालथा ठेवला.

"अप्पा," ती म्हणाली, "तीन वर्सं मी कोणता गेम खेळायलेय, सांगा बरं."

माणिकप्पांनी बसवेशमास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. वीरेशने माझ्याकडे पाहिलं. मी पाहणीचे आकडे आठवून पाहिले. त्यात हा प्रश्न नव्हता.

वाचकहो, तुम्ही आमच्यावर मनसोक्त हसला असाल, आणि ते योग्यच आहे. मधल्या काळात विंडोज की लिनक्स, याबद्दल तुमचं स्वतःचं मतही पक्कं झालं असेल. फक्त, पोरगी कोणता गेम खेळते, हे इथवर येईपर्यंत तुम्हीही विचारलं नाहीत. म्हणून तुम्हाला आग्रहाचं बोलावणं आहे. पुढच्या सोमवारी नेत्रावतीची सोयरीक ठरवायला बैठक बसते आहे. स्थळं दोन आहेत आणि दोन्ही चांगली आहेत. तुमच्यासारखी चार जाणती माणसं हवीत. चहा तीच करणार आहे.