वाळवीने खाल्लेला जोसेफ

कोर्लईतल्या ख्रिस्ती घरात शिरलं की तिथलं लग्न किती जुनं, हे मी नवरा-बायकोकडे न बघता सांगायचो. भिंतीवरच्या चित्रात संत जोसेफ किती उरलाय ते पाहिलं की झालं!

ही किमया पास्कूमामांची. कोण्या पाद्र्याने दिलेलं पवित्र कुटुंबाचं एक जुनं छापील चित्र त्यांच्याकडे होतं: मारियामाय, तिच्या मांडीवर बाळ येशू, मागे तिचा नवरा जोसेफ. लेक सासरी निघाली की या चित्राची हातानं रंगवलेली नक्कल तिच्याबरोबर द्यायची, असा गावचा रिवाज. नक्कल मामांची, चौकट माझी, गावच्या सुताराची.

पुढे त्या मूळ छापील चित्राला वाळवी लागली. आधी तिनं जोसेफाची काठी खाल्ली. मामांनी पुढच्या नकलेत काठीच्या जागी कोरं कापड तसंच सोडलं.

"अहो मामा, काठी काढा की!"

"मुळात न्हाय. मी नक्कल करतो, सुतारकी न्हाय," असं मलाच ऐकवून मोकळे!

मग हात गेला, खांदा गेला. पोरी अर्धामुर्धा जोसेफ घेऊन नांदायला जाऊ लागल्या. एक सासू भांडायला आली, "नवऱ्याला खाऊन बसलेली मारियामाय आमच्या घरात कशाला?" मामा शांतपणे म्हणाले, "वाळवीनं खाल्लाय. तिला इचारा."

मामा एकटे राहात. मोठ्या लढाईनंतरच्या तापाच्या साथीत त्यांची बायको आणि तान्हा आंतोन, दोघंही गेली होती. कुणी तो विषय काढला की मामा ब्रश धुवायला उठत. धुतलेलाच पुन्हा धूत.

एका पावसाळ्यात वाळवी बाळापर्यंत पोचली. मारियामायच्या मांडीवर नुसतं भोक! आणि नाताळानंतर शेजारच्या कार्मेलमावशीच्या फिलूचं लग्न ठरलं. मावशी कंबर कसून आली.

"जोसेफ नसला तर नसू दे. रिकाम्या मांडीची माय मी पोरीबरोबर धाडायची न्हाय."

"मुळात..."

"ते मला सांगू नका. बाळ काढा, नायतर माझी फिलू चित्राबिगर जाईल. उभ्या गावात पहिलीच!"

मामांनी दार लावून घेतलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी चौकट घेऊन मावशीबरोबर गेलो. मांडीवर बाळ होतं. पण छापील चित्रातलं गोरं, सोनेरी केसांचं नव्हे. हे सावळं, कुरळ्या केसांचं. मूठ तोंडात, डाव्या भुवईवर तीळ.

मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "हा आंतोन. मी न्हाऊ घातलंय याला."

मी चौकट पुढे केली. मामा चित्राला पाठ करून आडवे उभे राहिले.

"रंग ओला हाय."

"मामा, उद्या पोर सासरच्या बोटीत बसंल," मावशी म्हणाली.

"ओला हाय."

मी हात लांबवून कडेला बोट टेकवलं. कोरडं ठणठणीत. मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"ओला आहे," मी म्हणालो.

तिनं एकदा चित्रातल्या बाळाकडे पाहिलं. मग पदर सावरून वळली.

"तर मग खिडकी लावून घ्या, मामा. धूळ बसंल त्याला."