फोटो फायनल

ओसोक गावात बॅनर छापणारं दुकान एकच, आणि ते मा ग्योंग-जाबाईंचं. पिवळ्या पक्षाने जांभळ्यांची अब्रू काढली, तर ती बाईंच्या मशीनमधून निघायची, आणि जांभळ्यांनी उलट उत्तर दिलं, तर तेही त्याच मशीनमधून. सकाळी एकाला चोर छापायचं आणि दुपारी दुसऱ्याला दरोडेखोर, असा बाईंचा वीस वर्षांचा दिनक्रम होता. कोणी पक्ष विचारला, की त्या म्हणत, "मला कापड लांबीने कळतं, रंगाने नाही."

त्या ऑगस्टमध्ये गावाने नव्या पुलाच्या नावावरून डोकं पिकवलं होतं. जपानी राजवट संपल्याच्या स्वातंत्र्यदिनाला म्हणजे पंधरा तारखेला नाव जाहीर व्हायचं होतं आणि उमेदवार दोन होते. दोघेही गावचेच, आणि दोघांनाही जाऊन सत्तर वर्षं उलटलेली. एक ओम दो-क्युन. जपान्यांच्या पोलीस चौकीवर बॉम्ब टाकून ते डोंगरात पसार झाले होते. दुसरे मो इन-होन गुरुजी. शाळेत स्वतःची भाषा बोललं की मुलांना छड्या बसत, त्या काळात त्यांनी रात्रशाळा काढून गावाला आपली लिपी शिकवली होती.

पिवळ्यांना ओम हवे होते आणि जांभळ्यांना गुरुजी. जांभळे म्हणत, ओम शेवटी कम्युनिस्टांच्या उत्तरेला गेले, म्हणजे लाल. पिवळे म्हणत, पोरांनी जपानी सैन्यात भरती व्हावं असं सांगणाऱ्या कागदावर गुरुजींनी सही केली होती, म्हणजे जपान्यांचे हस्तक. खाटकाच्या दुकानापासून सार्वजनिक न्हाणीघरापर्यंत हेच चाललं होतं. दोन साडूंनी तर एकमेकांकडे जेवणं बंद केली होती.

तेरा तारखेला दुपारी पिवळ्यांचे सचिव गुक संग-दल यांचा फोन आला. "ताई, फोटो पाठवलाय. खाली मोठ्या अक्षरांत 'हे डोळे कधी झुकले नाहीत'. आणि संध्याकाळपर्यंत चौकात लागलं पाहिजे."

दहा मिनिटांनी जांभळ्यांचे ब्योन ते-हून यांचा आला. "बाई, फोटो पाठवलाय. 'या हातांनी गाव साक्षर केलं' असं लिहा. आणि त्या लोकांच्या बॅनरपेक्षा वीतभर उंच लावा."

दोन्ही फोटो जिल्ह्याच्या कार्यालयांतून आले होते आणि सचिवांनी ते न उघडताच पुढे ढकलले होते. दोन्ही फाइलींचं नाव एकच होतं, 'आजोबा फायनल'. बाईंच्या कॉम्प्युटरने आपल्या अकलेने एकाला 'आजोबा फायनल' आणि दुसऱ्याला 'आजोबा फायनल एक' केलं. बाहेर छत्तीस डिग्री होते, पंखा गरम हवा मारत होता, आणि दोन्ही आजोबा पांढऱ्या अंगरख्यात, बारीक केस कापलेले, ओठ घट्ट मिटून समोर बघत होते. बाईंनी छापलं, कडा शिवल्या, संध्याकाळी स्वतः शिडीवर चढून दोन्ही बॅनर चौकात समोरासमोर ताणून बांधले आणि घरी जाऊन थंड शेवयांचा वाडगा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिटातली कॉफी ढवळता ढवळता त्या जुन्या फाइली पुसायला बसल्या. ब्योनचा मेल उघडला आणि चमचा तसाच हातात राहिला. ब्योननी पाठवलेले आजोबा काल पिवळ्या बॅनरवर गेले होते. म्हणजे गुकचे आजोबा...

"मेले," बाई म्हणाल्या आणि शिडी घेऊन धावल्या.

चौकात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पिवळी जाकिटं एका बाजूला, जांभळी दुसऱ्या बाजूला, मधे जिल्ह्याच्या वाहिनीचा कॅमेरा. गुकच्या हातात ध्वनिक्षेपक होता.

"बघा हे डोळे!" ते मो गुरुजींकडे बोट दाखवून गरजत होते. "यात बारूद भरलीय! हा माणूस जपान्यांच्या कागदावर सही करेल? आणि आता समोर बघा. ती नजर बघा. लाचार! विकली गेलेली!"

समोरून ओम दो-क्युन बघत होते.

बाई शिडी टेकवून पुढे झाल्या. "गुकसाहेब, एक मिनिट. जरा घोळ झालाय..."

"ताई, नंतर."

"अहो, नंतर नाही, फोटोचंच..."

"ताई!" गुकनी ध्वनिक्षेपक तोंडापासून न हटवताच म्हटलं, त्यामुळे ते सगळ्या चौकाने ऐकलं. "इथे इतिहासाचा विषय चाललाय. तुम्ही तुमच्या चिंध्या सांभाळा ना."

माणसं हसली. बाईंचे कान तापले. तरीही त्या शिडी उचलून, रस्ता ओलांडून ब्योनकडे गेल्या. माणसाने दोनदा तरी सांगून बघावं.

"ब्योनसाहेब, ते फोटो आहेत ना..."

"उत्तम आलेत, बाई. बघा ना, शिक्षकाचा चेहरा लपत नाही." ब्योन बॉम्ब टाकणाऱ्या ओमकडे बघून विरघळले होते. "कसं मऊ कपाळ आहे! आणि पलीकडचा? सरळ दरोडेखोर. आता बाजूला व्हा, कॅमेऱ्यात शिडी येतेय."

बाई बाजूला झाल्या. इतक्या बाजूला झाल्या, की थेट फळवाल्याच्या ठेल्यापाशी जाऊन त्यांनी उकडलेलं कणीस घेतलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. आता सांगायचं नाही. आता कोणी पाया पडलं तरी सांगायचं नाही.

दोन तास वाद पेटत गेला. गुकनी गुरुजींच्या जबड्यात डोंगराचा कणखरपणा शोधला. ब्योननी ओमच्या बोटांवर खडूची पावडर ओळखली. मग त्यांनी गुरुजींच्या फोटोला "लालभाई" म्हणून उत्तरेला जायला सांगितलं, आणि गुकनी ओमना "तुमच्या मालकांकडे टोकियोला जा" असं सुनावलं. एका जांभळ्या कार्यकर्त्याने टरबुजाची साल फेकली. ती त्यांच्याच गुरुजींच्या नाकावर बसली, आणि सगळ्या जांभळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात एक म्हातारी हातगाडीचा आधार घेत चौकात आली. सत्याऐंशी वर्षांच्या मो बोक-दान आजी. गुरुजींची शेवटची जिवंत मुलगी. जांभळ्यांनीच त्यांना कॅमेऱ्यासाठी बोलावलं होतं. ब्योननी कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्यांना बॅनरसमोर उभं केलं.

"आजी, वडिलांना बघून काय वाटतं?"

आजींनी वर पाहिलं. मग सावकाश वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. "बाबा तिकडे आहेत," त्या म्हणाल्या. "भुवई तुटलेली आहे, ती बघ. आणि त्यांच्या नाकावर साल कुणी मारली?"

चौकात पहिल्यांदाच फळवाल्याच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. कॅमेरावाल्याने कॅमेरा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवला. मग सगळी जाकिटं, पिवळी आणि जांभळी, एकदम शिडीकडे वळली.

"ही बाई!" गुक ओरडले. "मुद्दाम केलं हिने! तिकडच्यांनी सांगितलं असणार!"

"आम्ही? तुम्हीच सांगितलं असेल!" ब्योन ओरडले. "स्वातंत्र्यसैनिकांचा अपमान आहे हा! बाई, कॅमेऱ्यासमोर माफी मागा. दोन्ही पक्षांची. नाहीतर यापुढे एक कापड तुमच्याकडे छापणार नाही."

"आम्हीही नाही!" गुक म्हणाले. इतक्या वर्षांत दोन्ही पक्षांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं.

बाईंनी कणीस संपवलं. हात पुसले. उठून उभ्या राहिल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मशीन माझं, हात माझे. बॅनर आत्ता बदलून देते. पण दोन तास त्या चेहऱ्यांखाली उभे राहून तुम्ही जे बोललात ना, ते काही मी छापलेलं नव्हतं. त्याची माफी मी कशाला मागू? छापायचं बंद करता? करा. पुढच्या गावात मशीन आहे. तिथे जाताना फोटो तेवढे उघडून बघा."

मग त्या आजींकडे गेल्या आणि कमरेपासून वाकल्या. "आजी, तुमची मात्र माफी मागते. वडिलांचा फोटो चुकवला मी."

"फोटोचं काय घेऊन बसलीस? नावं तर यांनीच ठेवली, माईकवरून." आजींनी हातगाडीवरच बूड टेकलं. "आणि तो पलीकडचा, ज्याला हे लाल म्हणतात, तो आमच्या माळ्यावर तीन महिने होता. मी पाच वर्षांची होते. मला बोटांच्या सावलीचे ससे करून दाखवायचा. पोलीस त्याला शोधत रोज शाळेपर्यंत यायचे. एक दिवस बाबांनी कसल्याशा कागदावर सही केली आणि त्यांचं येणं थांबलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. माळ्यावरचाही जेवला नाही. मरेपर्यंत बाबांनी ती सही कुणाला समजावून सांगितली नाही. मी विचारलं तर म्हणायचे, ज्याला कळायची त्याला कळलीय."

कॅमेरावाल्याने हे सगळं टिपलं.

"पोरी," आजी बाईंना म्हणाल्या, "माझं एक बॅनर छापशील?"

पंधरा तारखेला सकाळी चौकात मधोमध पांढरं कापड लागलं. त्यावर दोन्ही चेहरे शेजारी शेजारी होते. रंग नाही, पक्ष नाही, नावंसुद्धा नाहीत. खाली एवढंच, 'आधी ओळखा, मग भांडा.' खाली स्टुलावर आजी बसल्या होत्या. परवानगी विचारायला आलेल्या नगर कार्यालयाच्या माणसाला त्यांनी पंखा हातात दिला आणि वारा घालायला लावला. दहा मिनिटांनी तो पंखा परत देऊन निघून गेला.

पुलाच्या समारंभाला जाणारे दोन्ही सचिव तिथूनच जाणार होते, आणि वाहिनीवाल्यांना ते माहीत होतं.

"गुकसाहेब, यातले ओम कोणते?"

गुकनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. तुटकी भुवई शोधली, पण उन्हात दोन्ही चेहऱ्यांच्या भुवया तुटल्यासारख्याच दिसत होत्या. घसा साफ करून ते म्हणाले, "दोघेही आपलेच."

"ब्योनसाहेब, तुमचं मत?"

"मी कालपासून तेच म्हणतोय," ब्योन घाईघाईने म्हणाले.

वाहिनीने हे थेट दाखवलं, आणि समारंभात नगर समितीने दोन्ही पक्षांचं एकमत गृहीत धरून पुलाला कुणाचंच नाव न देता नुसतं 'नवा पूल' लिहून टाकलं. पण त्याआधी, कॅमेरा गेल्यावर गुक शिडीजवळ आले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "डावीकडचा कोण हो?"

बाई वर गाठ आवळत होत्या. खाली न बघता त्या म्हणाल्या, "आजी बसल्यात ना."

गुकनी आजींकडे पाहिलं. आजींनी शेजारच्या फरशीवर हात थोपटला. "बस, पोरा. वेळ लागेल."

गुक पिवळ्या जाकिटासह फरशीवर बसले. ब्योन पुलाच्या दिशेने वीस पावलं गेले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळी माहिती एकट्या पिवळ्यांना मिळते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. ते परत आले आणि आजींच्या दुसऱ्या बाजूला बसले.